बैठ्या कामाला लागताना: कणा, खुर्ची आणि दिवसाचे आठ तास

बैठ्या कामाची नोकरी नव्याने धरलेल्या माणसाची पाठ पहिल्या काही आठवड्यांत सहसा तक्रार करत नाही. ती कुरकुर करू लागते तोवर बसण्याची ढब अंगवळणी पडलेली असते, खुर्ची ‘आपली’ झालेली असते आणि लॅपटॉप पहिल्या दिवशी जिथे ठेवला तिथेच ठाण मांडून बसलेला असतो. हा लेख त्या आधीच्या काळासाठी आहे. संगणकाशी, हिशेबाच्या कागदांशी, शिलाई यंत्राशी किंवा अभ्यासाच्या टेबलाशी दिवसाचे सहा-आठ तास बसणे ज्यांच्या वाट्याला नुकतेच आले आहे, त्यांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशाची उगाच धास्ती घेऊ नये, एवढेच येथे सांगायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा ‘ताठ बस’ हा आदेश अर्धाच खरा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पोक काढून बसण्यापेक्षा सरळ बसणे चांगलेच. पण सरळ ठेवलेली पाठसुद्धा तासन्‌तास एकाच स्थितीत राहिली तर आखडते.

आधी कणा समजून घ्यावा

पाठीच्या कण्यात एकूण ३३ मणके मोजले जातात: मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांना सांधले गेलेले त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. बाजूने पाहिले तर हा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेपाशी आणि कमरेपाशी तो आत, म्हणजे पोटाच्या बाजूला वळलेला असतो आणि छातीच्या मागे बाहेर फुगलेला असतो. चालताना, जिना उतरताना, दुचाकी खड्ड्यातून जाताना बसणारे हिसके हे बाक स्प्रिंगसारखे पचवतात. त्यामुळे छाती पुढे काढून, कवायतीला उभे राहिल्यासारखे पाठीची फळी करून बसणे हे चांगल्या बैठकीचे लक्षण नाही. कमरेचा नैसर्गिक बाक टिकून राहील आणि त्यासाठी स्नायूंना झगडावे लागणार नाही, अशी बैठक ती चांगली.

मणक्यांच्या मधल्या २३ गाद्यांकडे जरा अधिक लक्ष द्यायला हवे, कारण पुढच्या बहुतेक सूचनांचे मूळ तिथे आहे. गादीच्या मध्यभागी जेलीसारखा, पाण्याने भरलेला गाभा असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंची वेटोळी असतात. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिला लागणारे अन्न-पाणी शेजारच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपत येते आणि ही झिरप हालचालीवर, म्हणजे भार पडण्या-उतरण्यावर बरीच अवलंबून असते. दिवसभराच्या भाराने गादीतले पाणी थोडे थोडे पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून सकाळची उंची रात्रीच्या उंचीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने जास्त भरते. खात्री करून घ्यायची असेल तर दाराच्या चौकटीवर अंथरुणातून उठल्याबरोबर एक खूण करावी आणि झोपायला जाताना दुसरी.

बसण्याने या गाद्यांवर किती भार येतो, याचा इतिहास रंजक आहे. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकांत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. उभे असतानाचा दाब १०० धरला तर टेका न घेता बसल्यावर तो सुमारे १४० भरतो, असे त्यांच्या मोजमापांतून निघाले आणि ‘बसणे हे कमरेचे वैरी’ हा समज जगभर रुजला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत अधिक आधुनिक दाबमापक बसवून हेच काम पुन्हा केले, तेव्हा चित्र बदलले. उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता, टेका न घेता बसल्यावर ०.४६, खुर्चीत ऐसपैस रेलल्यावर सुमारे ०.३ आणि बसल्या जागी पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. हा प्रयोग एकाच माणसावरचा आहे, त्यामुळे आकड्यांना देव्हाऱ्यात बसवू नये. तरी त्यातून मिळणारी दिशा कामाची आहे. नुसत्या बसण्याचा दोष फारसा नाही, पुढे झुकून बसण्याचा आहे, आणि खुर्चीच्या पाठीला रेलणे हा आळस नाही.

पहिली पायरी: स्वतःला पाहणे

खरेदीला निघण्याआधी एक फोटो काढून घ्यावा. सहकाऱ्याला किंवा घरातल्या कोणाला सांगून ठेवावे, की दुपारी चारच्या सुमारास, मी कामात गढलेला असताना, न सांगता बाजूने एक फोटो काढ. सकाळी दहाला काढलेल्या फोटोत प्रत्येक जण सावरून बसलेला असतो. चारच्या फोटोत खरे काय ते दिसते. माझ्या अशा पहिल्या फोटोत हनुवटी कीबोर्डच्या वर आलेली होती, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे वर होता आणि पाय खुर्चीच्या दांड्याला विळखा घालून बसले होते. तोपर्यंत मी स्वतःला बऱ्यापैकी ताठ बसणारा समजत होतो.

दुसरी पाहणी भिंतीशी करावी. टाचा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवून पाठमोरे उभे राहावे आणि नितंब व खांद्यांचे फरे भिंतीला टेकवावेत. आता डोक्याची मागची बाजू हनुवटी वर न उचलता सहज टेकते का आणि कमरेमागच्या पोकळीत तळहात सरकवता येतो का, ते पाहावे. डोके टेकवायला जोर करावा लागत असेल तर मान पुढे काढण्याची सवय जडली आहे असे समजावे. पोकळीत अख्खी मूठ मावत असेल तर कमरेचा बाक जास्त आहे आणि हात शिरतच नसेल तर तो सपाट झाला आहे. हे निदान नाही, नोंद आहे. तारीख घालून लिहून ठेवावी आणि महिन्याने पुन्हा पाहावी.

दुसरी पायरी: खुर्ची

खुर्ची महाग असण्याशी तिच्या गुणांचा संबंध वाटतो तेवढा नाही. खुर्चीच्या समोर उभे राहावे. बैठकीचा वरचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली आला, तर उंची साधारण बरोबर आहे. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि बैठकीचा काठ व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे, नाहीतर तो काठ तिथल्या रक्तवाहिन्या व नसा दाबतो आणि पायाला मुंग्या येतात. उंची कमी असलेल्या व्यक्तींना, विशेषतः अनेक स्त्रियांना, ऑफिसातल्या खुर्च्या उंच पडतात. तेव्हा टेबलापर्यंत हात पोचावेत म्हणून खुर्ची उंच ठेवावी आणि पायाखाली लाकडी पाट किंवा सुतळीने घट्ट बांधलेला रद्दीचा गठ्ठा घ्यावा. पाय लोंबकळत ठेवून कंबर सरळ राहत नाही.

कमरेला आधार म्हणून अंग पुसायचा टॉवेल पुरतो. तो लांबीत दुमडून घट्ट गुंडाळावा, मनगटाएवढा जाड झाला की रबरबँड लावावेत, नितंब खुर्चीत अगदी मागे सरकवावेत आणि ती गुंडाळी कमरपट्टा बांधतो त्या रेषेच्या किंचित वर ठेवून रेलावे. गुंडाळी टोचत असेल तर ती जाड झाली आहे. एक वेटोळे उलगडावे. बरोबर बसली की दहा मिनिटांत ती आहे हे विसरायला होते. पुरुषांनी आणखी एक करावे: पँटच्या मागच्या खिशातले पाकीट काढून टेबलावर ठेवावे, कारण एका नितंबाखाली पाकीट ठेवून दिवसभर बसले की कंबर तिरकी राहते आणि तिथून जाणाऱ्या नसेवर दाबही येतो.

घरी जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी मांडी घालावी, त्यात वावगे काही नाही. फक्त नितंबांखाली चार-पाच बोटे जाडीची घडी केलेली चादर घ्यावी. बूड गुडघ्यांपेक्षा वर आले की कंबर आपोआप उभी राहते. सपाट सतरंजीवर ती मागे कलंडते आणि पाठ पोक धरते. जुन्या पेढ्यांवरचे दिवाणजी मागे लोड आणि पुढे उतरते डेस्क घेऊन बसत, त्यात हीच समज होती: कागद डोळ्यांकडे आणायचा, डोळे कागदाकडे न्यायचे नाहीत.

तिसरी पायरी: टेबल आणि पडदा

खांदे सैल सोडून कोपर अंगालगत ठेवले, की हात टाइप करायला जिथे पोचतात ती कीबोर्डची योग्य उंची. आपल्या जेवणाच्या टेबलांची उंची साधारण ७५ सेंटीमीटर असते आणि जेवणाच्या खुर्च्या खाली-वर होत नाहीत, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांचे खांदे दिवसभर कानाकडे उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान व खांदा यांमधला भाग दगडासारखा होतो. अशा वेळी बुडाखाली टणक उशी आणि पायाखाली पाट, हा सर्वांत स्वस्त उपाय.

पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. चष्म्याची काच दूर-जवळ अशी दुहेरी असेल तर पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या काचेतून वाचण्यासाठी हनुवटी वर करून बसावे लागते. लॅपटॉपची अडचण अशी, की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला जोडलेले असतात. एकाची उंची साधली की दुसऱ्याची बिघडते. दिवसाला दोन तासांहून अधिक काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावा व लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चवडीवर ठेवावा. माझ्या मते नव्या माणसाने पहिला पैसा खुर्चीवर घालण्याआधी या दोन वस्तूंवर घालावा.

पुढे झुकण्याचे एक कारण पाठीत नसून डोळ्यांत असते, हे फार कमी जणांच्या ध्यानात येते. अक्षर बारीक असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल किंवा खिडकीची तिरीप पडद्यावर पडत असेल, तर माणूस नकळत नाक पडद्याकडे नेतो आणि मग कितीही चांगली खुर्ची मागे रिकामीच राहते. अक्षराचा आकार वाढवून आठवडाभर पाहावे. बऱ्याच जणांची मान तेवढ्याने मागे येते.

चौथी पायरी: घड्याळ

वरच्या तीनही पायऱ्या नीट केल्या आणि ही गाळली, तर फारसे हाती लागत नाही. अर्ध्या तासातून एकदा उठावे. मिनिटभर पुरते: दोन्ही तळवे कमरेवर ठेवून हळूच मागे वाकावे, खांदे गोल फिरवावेत, दारापर्यंत जाऊन यावे. गजर लावण्यापेक्षा कामातच कारण पेरून ठेवलेले बरे. दोन लिटरची बाटली टेबलावर न ठेवता पाण्याचा पेला ठेवावा, म्हणजे तो भरायला उठावे लागते. फोन उभ्याने घ्यावेत. छपाईयंत्र हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावे. उभ्याने काम करण्याचे टेबल घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. दिवसभर एका जागी उभे राहणाऱ्या दुकानातल्या विक्रेत्यांचे पाय आणि कंबर काय म्हणतात, ते त्यांनाच विचारावे.

एकाच जागी बसण्याचे परिणाम कण्यापाशी थांबत नाहीत, याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांतून आला. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांपेक्षा जास्त आढळले. खाते तेच, गाड्या त्याच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाची आहे. कंबरदुखी टाळण्याचे उपाय तपासणाऱ्या २०१६ च्या एका संकलित अभ्यासातही व्यायामाला, त्यातही माहितीची जोड दिलेल्या व्यायामाला, झुकते माप मिळाले. कमरेचे पट्टे आणि बुटातले तळ यांचा मात्र प्रतिबंधासाठी उपयोग दिसला नाही. पट्टा डॉक्टरांनी ठरावीक काळासाठी दिला असेल तर वापरावा, पण ‘कंबर सांभाळायला’ म्हणून दुकानातून आणू नये.

नवख्यांसाठी तीन व्यायाम पुरेत. उताणे झोपून, गुडघे मोडून, कंबर उचलून पाच श्वास धरणे. ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय आणि नंतर उलट बाजू लांबवणे. आणि भिंतीशी उभे राहून हनुवटी आत ओढत डोके मागे टेकवणे. प्रत्येकी आठ-दहा वेळा, एक दिवसाआड.

फोन, बादली आणि गादी

मानेचे गणित सोपे आहे. डोके तोललेले असताना त्याचा भार साधारण साडेचार ते साडेपाच किलो असतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिमानावरून असे मांडले, की मान ६० अंश झुकली तर मानेच्या कण्यावर येणारा भार सुमारे २७ किलोंइतका होतो. हा हिशेब आहे, जिवंत मानेवरचे मोजमाप नव्हे, तरी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर तासभर मान खाली घालून उभे राहणाऱ्यांना तो लागू पडतो. फोन छातीपर्यंत उचलावा, मान झुकवण्याऐवजी नजर झुकवावी आणि मजकूर लांब असेल तर तो आवाजात पाठवावा.

सकाळच्या वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत कमरेचा घात बहुधा याच वेळी होतो. रात्रभरात पाणी शोषून गाद्या टम्म फुगलेल्या असतात. त्या स्थितीत कंबर वाकवली तर गादीवर आणि तिच्याभोवतीच्या बंधांवर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. नेमक्या याच पहिल्या तासात नळाला पाणी येते, हंडे-बादल्या भरायच्या असतात आणि आखूड केरसुणीने कमरेत वाकून केर काढला जातो. उसण भरते ती अशा वेळी. पाणी थांबत नाही हे खरे, पण केर नऊनंतर निघू शकतो, लांब दांड्याचा झाडू आणता येतो आणि बादली अर्धी भरून दोन खेपा करता येतात.

वजन उचलण्याचा धडा वर सांगितलेल्या उल्मच्या प्रयोगातच आहे. त्यात २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना दाब २.३ मेगापास्कल, गुडघे मोडून उचलताना १.७ आणि वजन अंगाशी धरल्यावर १.१ भरला. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे जवळपास तेवढेच वजन. तेव्हा जाराजवळ जाऊन पाय फाकवावेत, गुडघे मोडावेत, जार पोटाशी घ्यावा आणि उठल्यावर वळायचे असेल तर कंबर पिळू नये, पावले वळवावीत. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर १४.२ किलो गॅस आणि टाकीचे वजन धरून तीस किलोंच्या आसपास जातो. तो उचलू नये, काठावर तिरका करून फिरवत न्यावा.

झोपेबद्दल एकच. पाठ दुखू लागली की ‘फळीवर झोप’ हा सल्ला हमखास मिळतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना टणक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी आणि उताणे झोपणाऱ्यांनी गुडघ्यांखाली.

कशाची धास्ती घ्यावी, कशाची नाही

पोक काढून बसल्याने बरगड्या आणि श्वासपटल यांना पुरेशी जागा मिळत नाही आणि श्वास उथळ होतो. जेवल्यावर तसेच दुमडून बसले तर आम्ल वर येऊन जळजळ होते. मानेचे स्नायू आवळले की दुखणे डोक्याच्या मागून कपाळापर्यंत चढते. बैठक बदलल्याने एवढे फरक नव्या माणसाला काही दिवसांत जाणवू शकतात. मात्र प्रत्येक दुखण्याचे खापर बसण्यावर फोडू नये. वाढत्या वयातल्या मुलामुलींचा कणा बाजूला वळतो तो विकार वाकडे बसल्याने किंवा दप्तराने होत नाही, आणि उतारवयातले कुबड पुष्कळदा हाडे ठिसूळ होऊन मणके चेपल्यामुळे येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि सुमारे ९० टक्के प्रकरणांत तिच्या मुळाशी एखादा ठरावीक आजार सापडत नाही. म्हणून एमआरआयच्या अहवालातल्या ‘डिस्क बल्ज’ या शब्दांनी हादरून जाऊ नये. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्क्यांच्या आसपास लोकांतही गादी फुगलेली आढळली होती. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते आणि त्या काळात अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहणे चांगले.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारी कळ, या गोष्टीही घरगुती उपायांवर ढकलू नयेत. आपल्याकडे आणखी एक लक्षात ठेवावे लागते: संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि आठवडेच्या आठवडे न हटणारी पाठदुखी असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. तो औषधांनी बरा होतो, पण उशीर झाला तर मणके खचतात आणि पायांवरचा ताबा जाण्याचीही भीती असते.

दुखणे साधे असूनही महिना-दीड महिन्यात हटले नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. जाताना दुपारी चारचा तो फोटो, भिंतीपाशी केलेली नोंद आणि टेबल-खुर्चीची मोजमापे सोबत न्यावीत. तपासणीच्या टेबलावर आपण फार थोडा वेळ असतो आणि तिथे तर प्रत्येक जण सावरूनच बसतो.